फाईल सेव्ह केली पण सापडतच नाही, विषय बदलू का?

आलेलं पत्र (थोडं कापून): "ताई नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, बारावीपर्यंत मराठी मिडीयम, यावर्षी वाशीला बीकॉम फर्स्ट इयरला अ‍ॅडमिशन घेतलंय. बाबा कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. आम्हाला कॉम्प्युटर लिटरसी अँड अ‍ॅप्लिकेशन्स असा विषय आहे, तो मी हौसेने घेतला कारण मोबाईल मला सगळा येतो, घरातल्या सगळ्यांचे फॉर्म, रिचार्ज, तिकीट मीच करते. पण लॅबमध्ये बसलं की काही सुचतच नाही. एका पीसीवर दोघी असतो, पार्टनर फटाफट सगळं करते आणि मी नुसती बघत बसते. मध्ये सर म्हणाले ज्याचं त्याने करा, मी वर्डमध्ये एक अर्ज टाईप केला, सेव्ह पण केला, पुढच्या आठवड्यात उघडायला गेले तर फाईलच नाही. सरांनी विचारलं कुठे सेव्ह केलीस, मला कुठे म्हणजे काय तेच कळलं नाही, मागच्या दोघी हसल्या. आता त्या लेक्चरला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. विषय बदलायची मुदत अजून आहे, बदलू का? बाबा म्हणतात लॅपटॉप ईएमआयवर घेऊ, पण भावाची दहावी आहे, मला ते पटत नाही. मैत्रीण म्हणते बाहेर क्लास लाव. नाव छापू नका."

अगं, विषय बदलू नकोस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे मुदतीचं टेन्शन डोक्यातून जाईल, बाकीचं मग निवांत बोलू.

तुझं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर त्या हसण्याचा. मी ठाण्यात फर्स्ट इयरच्या पोरांना हाच विषय बरीच वर्षं शिकवतेय आणि तुला खात्रीने सांगते, फाईल कुठे आहे या प्रश्नाला वर्गातली खूप पोरं अडतात, त्यात घरी लॅपटॉप असलेली पण असतात, फक्त त्यांना सगळ्यांसमोर कोणी विचारलेलं नसतं. यात हुशारीचा काही संबंध नाही. तुम्ही सगळे मोबाईलवर वाढलात आणि मोबाईल कधी सांगतच नाही की वस्तू ठेवली कुठे. फोटो काढला की गॅलरीत दिसतो, कोणी पीडीएफ पाठवली की व्हॉट्सअ‍ॅपमध्येच उघडते, ती फोनच्या कुठल्या फोल्डरात जाऊन पडली हे बघायची वेळच येत नाही. कॉम्प्युटरचं तसं नाही, तो विचारतो कुठे ठेवू, आणि तू काही न सांगता सेव्ह दाबलंस तर तो आपल्या मनाने ठेवून मोकळा होतो. म्हणजे तुला मोबाईल येतो हे खरंच आहे, फक्त हा एक भाग मोबाईलने तुला कधी दाखवलेलाच नाही, आणि तुझ्या कोर्समधलं पुढचं सगळं याच भागावर उभं आहे. म्हणून मी सगळ्यात आधी याच्यावरच बोलणार आहे, एक्सेल-बिक्सेल नंतर.

त्या अर्जाचं काय झालं असेल बघ. दोन-तीनच शक्यता आहेत. पुढच्या आठवड्यात तू त्याच पीसीवर बसली होतीस का? नसशील तर फाईल आधीच्या पीसीच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये आरामात पडलेली असेल, कारण साधं सेव्ह केलं की वर्ड बहुतेक वेळा तिथेच ठेवतं आणि तो फोल्डर त्या मशीनपुरताच असतो. दुसरं, बऱ्याच लॅबमध्ये अशी सेटिंग करून ठेवलेली असते की पीसी रिस्टार्ट झाला की मुलांनी ठेवलेलं सगळं साफ, व्हायरस आणि कचरा नको म्हणून, तसं असेल तर फाईल गेली आणि त्यात तुझी काहीच चूक नाही. तिसरं म्हणजे फाईल तिथेच आहे पण तिचं नाव डॉक्युमेंट१ असलं काहीतरी आहे आणि तशा नावाच्या तिथे वीस फाईली आहेत. सरांना नीट विचार, "सर, या लॅबमध्ये आमचं काम कुठे सेव्ह करायचं, ते पुढच्या आठवड्यापर्यंत राहतं का?" हा प्रश्न अजिबात बावळट नाही, उलट लॅबमध्ये पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारायला पाहिजे असा प्रश्न आहे.

आणि आता "कुठे" म्हणजे काय. तुझ्या बाबांना मार्केटमध्ये कोणी नुसतं सांगितलं की गोण्या उतरवून ठेवा, तर ते विचारतील कुठली विंग, कुठला गाळा. फाईलचा पत्ता अगदी तसाच असतो, आधी ड्राईव्ह (म्हणजे डिस्कचा सी, डी असं नाव असलेला भाग), मग त्यातला फोल्डर, मग त्याच्या आतला फोल्डर, मग फाईलचं नाव. हे हाताने करून बघ, नुसतं वाचून डोक्यात बसणार नाही. विंडोजची चावी आणि ई एकदम दाब, फाईल एक्स्प्लोरर उघडेल. त्यात डॉक्युमेंट्समध्ये जाऊन तुझ्या नावाचा आणि रोल नंबरचा फोल्डर कर, त्याच्या आत वर्ड, एक्सेल असे अजून दोन. मग वर्डमध्ये जाऊन काहीही चार ओळी टाईप कर आणि एफ१२ दाब (काही लॅपटॉपवर एफएन धरून दाबावं लागतं), सेव्ह अ‍ॅजची खिडकी उघडते, आणि ही खिडकी घाईघाईने बंद न करता वाचायची, वरती पत्ता लिहिलेला असतो, खाली नाव. पत्ता बदल, नाव दे, सेव्ह कर. मग वर्ड पूर्ण बंद कर आणि एक्स्प्लोररमधून चालत चालत त्या फाईलपर्यंत जा आणि तिथून उघड. हे तू चार-पाच वेळा वेगवेगळ्या जागी ठेवून शोधलंस ना, की सरांचा तो प्रश्न तुला कधीच अडवणार नाही.

याचा सराव घरी फोनवर पण होतो बरं का. अँड्रॉईडमध्ये फाईल्स नावाचं अ‍ॅप असतं, ते तू बहुतेक कधी उघडलं नसशील, त्यात इंटर्नल स्टोरेजमध्ये जा आणि डाऊनलोडमध्ये जमलेल्या मार्कशीटा, आधार, भावाचे फॉर्म सगळं फोल्डर करून लाव. घरातले फॉर्म तूच भरतेस म्हणालीस, मग त्याचा तुला लगेच फायदाच आहे.

अजून एक गोष्ट याच्यातच येते आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे फाईलच्या नावाचं शेपूट, एक्स्टेन्शन. वर्डच्या फाईलला शेवटी टिंब डॉकएक्स, एक्सेलच्या फाईलला टिंब एक्सएलएसएक्स, फोटोला जेपीजी. विंडोज हे शेपूट मुळात लपवून ठेवतं, एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक केलं की दिसायला लागतं. परीक्षेला हे दोन मार्काला येईल, पण घरी त्याचा उपयोग फार मोठा आहे, कारण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, ट्रॅफिकचं चलन म्हणून, बँकेचं केवायसी म्हणून फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. एपीके म्हणजे अ‍ॅप, पत्रिका नाही. ती टाकली की ते अ‍ॅप मेसेजची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर चोरांकडे जातात. बाबांना, काकांना, माथाडींच्या टोळीतल्या त्यांच्या मित्रांना हे तू एकदा दाखव, नावाचा शेवट कसा बघायचा ते. आणि कोणाचे पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करायचा, तो सरकारी सायबर हेल्पलाईनचा नंबर आहे, जेवढ्या लवकर फोन तेवढी पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त.

आता पार्टनरचं. ती काही वाईट नसेल, तिला येतं म्हणून ती करते आणि तू गप्प बसतेस म्हणून तिला वाटतं तुला चालतंय. पण प्रॅक्टिकल परीक्षेला तू एकटी बसणार आहेस. पुढच्या लॅबला जरा लवकर जा आणि माऊसच्या बाजूच्या खुर्चीत बस. मग सरळ सांग, "आज टायपिंग मी करते, तू सांग. अर्ध्या वेळाने बदलू." एवढंच. तू हळू करशील, ती मध्येच हात घालेल, तेव्हा "थांब, मला करू दे" म्हणायचं, हसतमुखाने म्हण पण म्हणच. माझ्याकडच्या मुलींना मी हे फार कळकळीने सांगत असते, कारण मुली दुसऱ्याला अडचण नको म्हणून माऊस सोडून देतात आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्याकडे सुंदर अक्षरातलं जर्नल असतं पण हाताला काही लागलेलं नसतं. लॅब असिस्टंटना पण विचारून ठेव, कुठल्या वेळेला लॅब रिकामी असते आणि बसू देतात का. लायब्ररीत एखादा पीसी असतो बऱ्याच कॉलेजात, तो मुलं फक्त रिझल्ट बघायला वापरतात.

बरं, आता एक्सेल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण बीकॉमवाल्या पोरीला या अख्ख्या कोर्समधून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही. सर बहुतेक मार्कशीट करायला देतील, पाच विषय, टोटल, टक्के. ते कर. पण त्याच्या जोडीला तू बाबांचा हिशेब मांड. मी आकडे मनाने घेतेय, खरे तू बाबांना विचार. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये त्या दिवशी टोळीने उतरवलेल्या गोण्या, सी मध्ये बाबांचा वाटा. पहिल्या ओळीत हेडिंग. बाजूला एफ१ मध्ये एका गोणीचा रेट, समजा ८ रुपये, आणि एफ२ मध्ये टोळीतली माणसं, समजा १२. पहिल्या दिवशी ३०० गोण्या. मग सी२ मध्ये काय लिहायचं, =बी२*एफ१/एफ२ (शीटमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरं). एन्टर मारलं की २०० येतील. छान वाटेल. आता दुसऱ्या दिवशीच्या ४५० गोण्या बी३ मध्ये टाक आणि सी२ चा खालचा उजवा कोपरा, जिथे बारका चौकोन दिसतो, तो धरून खाली ओढ. २०० च्या खाली ३०० यायला पाहिजेत, पण येईल डिव्ह झिरोची एरर.

इथे बरीच पोरं घाबरून सगळं डिलीट करतात. तू करू नकोस. त्या एरर आलेल्या खणावर क्लिक कर आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघ, तिथे =बी३*एफ२/एफ३ झालेलं दिसेल. म्हणजे तू एक ओळ खाली सरकलीस तसा एक्सेलने प्रत्येक पत्ता एक ओळ खाली सरकवला. गोण्यांचा पत्ता सरकायलाच पाहिजे होता, पण रेट आणि माणसं तर एकाच जागी बसलेली आहेत, आणि एफ३ रिकामा, म्हणून शून्याने भागाकार. मग सी२ मध्ये परत जा, फॉर्म्युल्यात एफ१ वर कर्सर ठेव आणि कीबोर्डवरचं एफ४ बटण दाब, अक्षराच्या आधी आणि आकड्याच्या आधी डॉलरचं चिन्ह येईल, एफ२ ला पण तसंच. डॉलर म्हणजे हा पत्ता हलवायचा नाही. आता ओढ, ३०० येतात की नाही बघ. मग मजा बघायची असेल तर रेट ८ चा ९ कर, २०० चे २२५ आणि ३०० चे ३३७.५०, अख्खा कॉलम आपोआप बदलतो. हे डॉलरचं ज्याला कळलं त्याला एक्सेल कळायला लागलं असं मी समजते, बाकी सगळे फॉर्म्युले सराव करून येतात.

आणि ही जी एक आकडा बदलला की सगळं बदलतं ती गोष्ट आहे ना, त्याच्यासाठीच तर हे प्रकरण जन्माला आलं. डॅन ब्रिकलिन नावाचा एक जण अमेरिकेत बिझनेस शिकत होता, तेव्हा फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचं सगळं खोडून परत मांडावं लागायचं, त्यातून त्याला कल्पना सुचली आणि १९७९ साली त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने व्हिसिकॅल्क बाजारात आणलं, पीसीवरचं पहिलं स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा हिशेबाचा तक्ता. एक्सेल त्याच्या नंतरचं, १९८५ चं, तेही आधी मॅकवर आलं. कॉमर्सच्याच एका विद्यार्थ्याची गरज होती ती म्हणून तुला सांगितलं.

दोन खड्डे मात्र सांगून ठेवते. एक, आकड्याच्या खणात "३०० गोणी" असं लिहायचं नाही, नुसतं ३००, गोणी हेडिंगमध्ये. शब्द आला की एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि सम करताना तो खण चक्क सोडून देतं, कुठली एरर पण दाखवत नाही, टोटल गुपचूप कमी येते. ओळखायची खूण म्हणजे खरा आकडा खणात आपोआप उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. दुसरा खड्डा तारखेचा. पीसीची सेटिंग अमेरिकन असेल तर आपली ५ जुलै, ५/७ लिहिली की तो ७ मे समजतो, आणि १५/७ लिहिली की पंधरावा महिना नसल्यामुळे तिला तारीखच मानत नाही, ती डावीकडे जाऊन बसते. कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजायचं गडबड आहे. महापे, ऐरोलीच्या बॅक ऑफिसांत, तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात सुरुवातीच्या कामाला घेतलेल्या मुलामुलींचा निम्मा दिवस असल्याच शीट नीट करण्यात जातो, त्यामुळे हे बारीक वाटलं तरी बारीक नाही.

वर्डमध्ये अर्ज, टेबल वगैरे तुला जमेल, फक्त मेल मर्ज शिकवतील त्या दिवशी दांडी मारू नकोस. एक पत्र आणि एक्सेलमधली नावांची यादी जोडून पन्नास वेगवेगळी पत्रं निघतात, आणि ते जुळवायला पुन्हा फाईल कुठे आहे हेच माहीत असावं लागतं. पॉवरपॉईंटचं मी काही सांगत नाही, ते तुला आपसूक येईल, एका स्लाईडवर फार लिहू नकोस इतकंच.

थिअरीला पण भिऊ नकोस. कॉम्प्युटरच्या पिढ्या, व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी, मायक्रोप्रोसेसर हे पाठ करण्यासारखं आहे ते पाठ कर, आठ बिटचा एक बाईट, १०२४ बाईटचं एक केबी, झालं. नोट्समध्ये एनियाक हा अमेरिकेतला सुरुवातीचा कॉम्प्युटर असेल, त्याच्या जोडीला लक्षात ठेव की आपल्या मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर चालू झाला होता, इथल्याच लोकांनी बनवलेला, आणि पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेने १९९१ ला परम ८००० सुपरकॉम्प्युटर केला. उत्तरात हे लिहिलं की सरांना बरं वाटतं. रॅम आणि स्टोरेजमधला फरक मात्र पाठ न करता समजून घे, तू टाईप करतेयस पण सेव्ह केलं नाहीस तोपर्यंत ते रॅममध्ये आहे, लाईट गेली की गेलं, सेव्ह केलं की डिस्कवर उतरलं. म्हणून दर थोड्या वेळाने कंट्रोल एस दाबायची सवय हाताला लावून घे, आणि काही चुकलं तर कंट्रोल झेड, ते दाबलं की मागचं परत येतं. कंट्रोल झेड माहीत असलेलं पोर कॉम्प्युटरला सहसा घाबरत नाही, कारण काही बिघडलं तरी उलटं फिरता येतं हे त्याला माहीत असतं.

एआयला विचारून असाईनमेंट करणारी तुझ्या वर्गात असतील. तू पण वापर, पण असं विचार की हा फॉर्म्युला असा का आला, मराठीत समजाव, आणि मग टाईप स्वतः कर. तयार उत्तर चिकटवलंस तर प्रॅक्टिकलला समोर कोरी शीट असेल तेव्हा काय करणार?

आता लॅपटॉप. तुझं बरोबर आहे, आत्ता ईएमआय नको. बाबांना वाटतंय की लॅपटॉप नाही म्हणून पोरगी मागे पडतेय, तर त्यांना सांग की या कोर्सला लागतं तेवढं कॉलेजच्या लॅबवर आणि फोनवर भागतं. एक काम कर, साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड घे, काही शेकड्यात येतो, आणि एक ओटीजी जोडणी, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी लावता येणारा छोटा तुकडा, ती त्याहून स्वस्त. बहुतेक अँड्रॉईड फोनला तो सरळ लागतो. मग फोनवर गुगल डॉक्स आणि गुगल शीट्स उघड, दोन्ही फुकट आहेत, आणि खऱ्या कीबोर्डवर टाईप कर. स्क्रीन बारकी आहे मान्य, पण तुझा जो हात थांबतोय तो कीबोर्डवर थांबतोय. मधल्या ओळीत एफ आणि जे वर बारीक उंचवटे असतात, दोन्ही तर्जन्या तिथे ठेवायच्या आणि खाली न बघता सुरू करायचं. पहिले काही दिवस फार चिडचिड होते, दोन बोटांनी पटकन होईल असं वाटत राहतं, तरी सोडायचं नाही. आणि वर सांगितलेला गोण्यांचा हिशेब गुगल शीट्सवर पण तसाच होतो, डॉलर पण तसाच. गुगलच्या एका खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते, लॅबचं काम तिथे गुगल ड्राईव्हमध्ये टाकून ठेवलंस तर कुठल्या पीसीवर बसलीस याने फरक पडत नाही.

पुढे सेकंड इयरला वगैरे पैसे जमले तर मग जुना डेस्कटॉप बघ, नवा लॅपटॉपच हवा असं काही नाही. फक्त दुकानदार अगदी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नकोस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ चालेल अशी मशीन पाहिजे, इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि हार्डडिस्कच्या ऐवजी एसएसडी, हे विचारूनच पैसे द्यायचे. ऑफिसची चोरीची कॉपी कोणी टाकून देत असेल तर नको म्हण, लिबरऑफिस फुकट आहे आणि शिकायला भरपूर आहे.

क्लासचं विचारलंस. आत्ता लावू नकोस, कारण कॉलेजमध्ये जे फीमध्ये मिळतंय तेच परत पैसे देऊन शिकशील. आधी ही सेमिस्टर लॅबमध्ये हात चालव. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट मात्र वेगळी गोष्ट आहे, २००१ पासून एमकेसीएलचा (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा) तो कॉम्प्युटर शिकवणारा कोर्स चालू आहे आणि आपल्याकडे सरकारी भरतीच्या बऱ्याच जाहिरातींत तो मागतात, कॉलेजचा पेपर पास झालाय म्हणून तिथे चालेलच असं धरून चालू नकोस, जाहिरातीत जे लिहिलं असेल तेच बघतात. तो तू उन्हाळ्याच्या सुट्टीत कर, तोपर्यंत तुला बरंच येत असेल त्यामुळे जड जाणार नाही.

आणि एक गोष्ट जी तुला कोणी सांगणार नाही कदाचित, मराठी मिडीयम ही इथे तुझी जमेची बाजू आहे. मराठी टायपिंग शिक. फोनवर तू इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवत असशील, ते घरगुती कामाला ठीक, पण नीट शिकायचं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची कीबोर्डवरची ठरलेली मांडणी, शिक, विंडोजमध्ये ते आयतंच असतं, फक्त भाषा मराठी जोडायची. त्याची रचना फार समजूतदार आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, के वर क, जे वर र, एल वर त, डी वर पाय मोडायचा हलंत. इनस्क्रिप्टने लिहिलेलं युनिकोडमध्ये उमटतं, आणि युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठल्याही फोनवर, पीसीवर जसंच्या तसं दिसतं, जुन्या फॉन्टमधली फाईल दुसरीकडे उघडली की नुसती अगम्य अक्षरं येतात, ते तू सरकारी कागदांत बघितलं असशील. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद कॉम्प्युटर टायपिंगची सरकारी परीक्षा घेते, मराठी मिनिटाला ३० शब्दांची, आणि क्लार्क-टायपिस्टच्या जागेला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. इंग्रजी मिडीयमची पोरं या वाटेला फारशी जात नाहीत, आणि सोसायट्या, वकील, नगरपालिकेची कामं करणारी ऑफिसं यांना मराठी नीट टाईप करणारं माणूस शोधून सापडत नाही, हे मी ठाण्यात रोज बघते.

तर या आठवड्यात एवढंच कर, सरांना तो सेव्ह करण्याच्या जागेचा प्रश्न विचार, पार्टनरशी अर्ध्या अर्ध्या वेळेचं बोल, आणि रात्री बाबा जेवायला बसले की त्यांना गोण्यांचा रेट विचारून फोनवर ते शीट कर. अडकलीस तर कुठल्या खणात काय लिहिलं होतंस आणि काय एरर आली ते तसंच्या तसं मला लिहून पाठव, "जमत नाहीये" एवढंच लिहिलंस तर मला पण काही सांगता येत नाही.

ता. क. लॅबच्या पीसीवर जीमेल किंवा गुगल ड्राईव्ह उघडशील तेव्हा ब्राऊझरची इनकॉग्निटो खिडकी (बंद केली की काय बघितलं ते ब्राऊझर लक्षात ठेवत नाही) वापर, पासवर्ड सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हण, आणि उठताना लॉगआऊट करून सगळ्या खिडक्या बंद कर. पेनड्राईव्ह वापरत असशील तर घरी किंवा दुसरीकडे लावायच्या आधी स्कॅन कर, लॅबच्या मशीनवरून फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारे व्हायरस हमखास येतात.